रविवारी वाजतं, बुधवारी फाटतं: ट्रॉम्बोनचा रियाज दोन क्लासच्या मध्येच का बिघडतो

मी ट्रॉम्बोन, म्हणजे नळी (स्लाइड) आतबाहेर ओढून सूर बदलायचा पितळी बाजा, शिकते असं सांगितलं की समोरचा आधी हवेत स्लाइड ओढून दाखवतो आणि मग विचारतो, "लग्नातला का?" हो, लग्नातलाच. वय ४६, नोकरी हिशेबाची, राहायला ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर. साडेतीन वर्षं झाली. क्लास आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. शिकवणारे सर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. उरलेले सहा दिवस मी आणि माझा बाजा, मध्ये ऐकणारं कोणी नाही. सगळा घोळ या सहा दिवसांत होतो, म्हणून हे लिहायला बसले.

तक्रार अशी. रविवारी सरांसमोर वरचा एफ हा उंच सूर मोकळा येतो. सोमवारी घरी त्याहून बरा येतो, अगदी हुरूप येण्याइतका. मंगळवारी जरा जड. बुधवारी सुरुवातीला नुसती हवा, 'फुस्स', आणि अर्ध्या सेकंदाने सूर. तोही फाटका, मध्ये खरखर असलेला. वर चढायचं म्हटलं की माउथपीस (फुंकायची वाटी) ओठांवर दाबावा लागतो. शनिवारी घाबरून तासभर रेटून वाजवायचं, रविवारी सर दोन गोष्टी दुरुस्त करणार, पुन्हा सगळं छान. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. असे जवळजवळ आठ महिने काढले. तुमचाही वार ठरलेला असेल, तर खालच्या क्रमाने तपासा. क्रम मुद्दाम असा लावलाय, कारण मी तो उलटा लावला होता आणि त्यात वेळ घालवला.

आधी बाजा

आपल्याला वाटतं दोष आपल्यात आहे. बऱ्याचदा असतोही. पण बाजा तपासायला दहा मिनिटं लागतात आणि ओठांना दोष द्यायला आठ महिने.

पहिली पाहायची ती थुंकीची कळ, म्हणजे स्लाइडच्या टोकाची वॉटर की. तिच्याखाली बुचाचा एक इवलासा तुकडा असतो. तो वाळला, झिजला की हवा झिरपते आणि सूर खरखरतो. तपासायची रीत सोपी: मधला बी फ्लॅट पहिल्या पोझिशनवर, म्हणजे स्लाइड आत ठेवून, लांब धरा आणि कुणाला तरी ती कळ बोटाने घट्ट दाबून धरायला सांगा. सूर एकदम स्वच्छ झाला तर बूच गेलं. माझ्याकडे हे काम मुलाने केलं, मोबाइलवरची नजर न हलवता, आणि म्हणाला, "आई, आता बरं वाटतंय." माझं बूच खरंच गेलेलं होतं. बदलून आणलं, खरखर निम्मी झाली. उरलेली निम्मी माझी.

दुसरी स्लाइड. बेल (पुढच्या कर्ण्याचा भाग) काढून बाजूला ठेवा, स्लाइड उभी धरा, लॉक उघडा आणि बाहेरचा भाग हाताचा आधार देत सावकाश खाली सोडा. आधार सोडून देऊ नका. ती नळी पातळ असते, एक पोचा पडला की संपलं. स्वतःच्या वजनाने ती एकसारखी उतरायला हवी. एखाद्या ठिकाणी थबकली तर आधी मळ, मग पोचा असा संशय घ्यायचा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि लांब लवचीक ब्रश. गरम पाणी नको, पॉलिश उडतं. धुऊनही अडखळत असेल तर आतल्या दोन नळ्यांपैकी एकच नळी एका वेळी बाहेरच्या तिच्या नळीत घालून बघा. एकेकटी छान चालते आणि दोन्ही मिळून अडकतात, असं झालं तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. तिथे आपण हात लावायचा नाही, कारागिराकडे द्यायचं.

क्रीम लावायचं ते आतल्या नळीच्या टोकाजवळ जो किंचित जाडसर भाग असतो तिथेच, तेही मुगाच्या दाण्याएवढं, आणि वर पाण्याचा फवारा. मी सुरुवातीला पोळीला तूप लावावं तसं लावत होते. त्याने स्लाइड आणखी जड होते.

आणि चहा! संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चहा-बिस्किट घेऊन तसंच वाजवायला बसायचं ही माझी सवय. साखर आणि मैदा श्वासाबरोबर सरळ नळीत जातात आणि तिथेच चिकटतात. पावसाळ्यात एकदा माउथपीसच्या पुढच्या नळीतून ब्रश फिरवला तर जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही. तेव्हापासून खळखळून चूळ भरल्याशिवाय बाज्याला तोंड लावत नाही.

वहीने दाखवलेली गोष्ट

बाजा ठीक करूनही बुधवार बुधवारच राहिला. मग धंद्याची सवय कामाला आली. एक वही घातली. तीन रकाने: किती मिनिटं वाजवलं, मध्ये किती थांबले, आणि वरचा एफ हळू आवाजात येतो का. 'हळू आवाजात' हे महत्त्वाचं. मोठ्याने कोणताही सूर दामटून काढता येतो. ओठ थकले की आधी हळू आवाज जातो.

पाच आठवड्यांची वही समोर ठेवली तेव्हा बुधवार मला निर्दोष वाटायला लागला. सोमवारच्या रकान्यात ८०, ९०, ८५ अशी मिनिटं होती आणि थांबण्याच्या रकान्यात जवळजवळ काही नव्हतं. क्लासमध्ये जमलेलं हातातून निसटू नये म्हणून सोमवारी मी ते घोटत होते. ताजे ओठ, ताजा हुरूप, वरचा एफ येतोय तर येऊ दे आणखी वीस वेळा. मंगळवारी ओठ किंचित सुजलेले, पण सूर अजून निघत होता, कारण मी नकळत दाब वाढवत होते. दाबल्यावर ओठातलं रक्त फिरत नाही, ओठ आणखी दमतो, आणखी दाब लागतो. बुधवारी दाबूनही काही निघेना. नुकसान सोमवारी होत होतं, दिसत होतं बुधवारी. आणि शनिवारी घाबरून तासभर वाजवलं की रविवारी क्लासला अर्ध्या दमलेल्या ओठांनी जायचं, ते वेगळंच.

सरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून सोमवारचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "ताई, ओठ आहेत ते, टायर नाहीत." मग मिरवणुकीचं सांगितलं. तीन-चार तास बँड चालतो तेव्हा लोकांना वाटतं सगळे सतत वाजवतायत. पण दोन गाण्यांच्या मध्ये ढोल-ताशा मुद्दाम लांबवतात, तेवढ्यात ब्रासवाले ओठ सैल सोडून घेतात. वरची ओळ दोघांत वाटून घेतात, एकजण वाजवतो तेव्हा दुसरा थुंकी काढायच्या निमित्ताने थांबतो. "तुम्ही घरी एकट्याच. तुमच्यासाठी ताशा कोण वाजवणार?"

तेव्हा ताशा आपणच वाजवायचा. माझा आता नियम असा आहे: एक तुकडा वाजवला की बाजा मांडीवर आडवा ठेवायचा आणि तोच तुकडा सरगममध्ये गायचा. वाजवायला एक मिनिट लागलं तर गायलाही एक मिनिट. नुसतं थांबायचं म्हटलं तर मी दहा सेकंदांत बाजा पुन्हा उचलते. गायला लागलं की खरोखर थांबलं जातं. शिवाय गाताना चुकतं तिथेच वाजवतानाही चुकतं, हे फुकटात कळतं.

सोमवार आता पंधरा मिनिटांचा, तोही दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. पहिले दोन आठवडे हे फार जिवावर आलं. हात शिवशिवतात. पण रविवारचं काही निसटलं नाही.

ओठ दमलेत की चुकतायत?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधं उलटी आहेत. दमलेल्या ओठांना विश्रांती लागते, चुकणाऱ्यांना सराव. ओळखायचं कसं?

माउथपीस एकटा घ्या. दांडीच्या टोकाला फक्त अंगठा आणि तर्जनी, अलगद, जसं देवापुढे उदबत्ती धरतो तसं. आता ओठ थरथरवून सूर काढा आणि खालून वर सायरनसारखा न्या. या पकडीत दाबायला जोरच नसतो. तरीही वर जाता आलं, तर ओठ ठीक आहेत, बाज्यावर तुम्ही सवयीने दाबताय. वर जाताच आलं नाही आणि काल जात होतं, तर ओठ दमलेत. आज वरचं काही वाजवू नका. आणि कधीच जात नसेल तर ती शिकायची गोष्ट आहे, रविवारी सरांना विचारा.

दुसरी खूण आरशात दिसते. वाजवून झाल्यावर ओठांवर माउथपीसचं कडं उमटतंच. पाच-दहा मिनिटांत विरलं तर चिंता नको. माझं बुधवारी रात्री जेवताना दिसायचं.

दमलेल्या दिवशी मी इतकंच करते: घोडा फुरफुरतो तसं ओठ सैल सोडून फुरफुरायचं, दोन-तीन मिनिटं. मग खालचे सूर, अगदी हळू, लांब. त्यासाठी एमरी रेमिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा लाँग टोनचा अभ्यास पुरतो. हे गृहस्थ अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये १९२२ ते १९७१ ट्रॉम्बोन शिकवत होते आणि त्यांचा हा अभ्यास आज जगभर वाजवतात. पहिल्या पोझिशनवरून दुसरीवर जा आणि परत या. पहिलीवरून तिसरीवर, परत. असं करत सातवीपर्यंत. हवा कुठेही तोडायची नाही. ऐकायला काही नाही, पण दहा मिनिटांत ओठ जागेवर येतात. ऑनलाइन काही जण सांगतात की रोज अर्धा तास नुसत्या माउथपीसवर बझिंग करा, म्हणजे ओठ थरथरवून सूर काढा. माझ्या ओठांनी ते तीन दिवसांत नाकारलं. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली.

दुखत असेल, ओठ बधिर राहत असेल, तर मात्र ही पोस्ट बंद करून डॉक्टरकडे जा.

काळी पाच

आता माझा आवडता भाग. बुधवारी सूर फाटतो हे कळलं, पण तो सरकतोही, हे मला उशिरा कळलं. ट्रॉम्बोनला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. स्लाइडच्या सात पोझिशन, प्रत्येक पुढची अर्ध्या सुराने खाली, आणि त्यांच्यातलं अंतरही सारखं नाही. बाहेर जाऊ तसं थोडं थोडं वाढत जातं. चौथी पोझिशन म्हणजे बेलच्या कडेच्या जरा पुढे, असं सगळे सांगतात. म्हणून मी बेलकडे बघत होते. बघायला मान डावीकडे वळायची, मान वळली की माउथपीस ओठांवर सरकायचा, सरकला की सूर फाटायचा. एका फोटोत हे दिसलं. मुलाने गंमत म्हणून काढला होता, त्यात मी सिग्नलला उजवीकडची रिक्षा येते का बघताना दिसते तशी दिसत होते. फक्त डावीकडे.

डोळे बंद करायचे तर कानाला काहीतरी आधार हवा. ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावला तर पुन्हा डोळे त्या सुईवर. तेव्हा लहानपणी चार वर्षं पेटी शिकले होते ते कामी आलं. टेनर ट्रॉम्बोनचा पहिल्या पोझिशनचा सूर बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची आपली काळी पाच, सप्तकातली पाचवी काळी पट्टी. मोबाइलवरच्या तानपुऱ्यात काळी पाच लावली, स्पीकरला जोडली, आणि बी फ्लॅटला सा म्हटलं. मग सप्तक असं पडतं: सा पहिलीवर, रे सहावीवर, ग चौथीवर, म तिसरीवर, प पहिलीवर, ध चौथीवर, नि दुसरीवर, वरचा सा पुन्हा पहिलीवर. तानपुरा चालू असताना चौथी पोझिशन इकडेतिकडे झाली तर कानाला लगेच बोचतं. ग आणि ध दोन्ही तिथेच आहेत, त्यामुळे सा-ग-सा, सा-ध-सा एवढंच पाच मिनिटं केलं तरी हाताला ती जागा सापडते. डोळे मिटून. मान सरळ.

यात एक गंमत आहे जी ट्यूनर सांगणार नाही. पहिल्या पोझिशनवर स्लाइड न हलवता नुसत्या ओठांनी वर चढत गेलं तर सूर येतात ते सा, सा, प, सा, ग, प, मग एक उतरलेला कोमल नि आणि मग सा. यातला वरचा ग, म्हणजे डी, ट्यूनरवर १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) कमी दिसतो. मी महिनाभर तो 'सुधारत' होते, म्हणजे ओठ आवळून वर ढकलत होते, आणि ओठ दमायचं हेही एक कारण होतं. तानपुऱ्यावर तो ऐकला आणि थक्क झाले. तो कमी नव्हताच. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार, अगदी त्याच जागी. नळीतली हवा आणि तार, दोन्हींचं गणित एकच.

पियानोबरोबर वाजवायचं असेल तर मात्र तो वर न्यावाच लागतो, आणि पहिल्या पोझिशनवर स्लाइड आणखी आत जाणार कुठे? त्यावर सरांचा उपाय: बेलकडची ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची छोटी नळी, जरा आत ढकलून ठेवायची आणि पहिली पोझिशन अगदी आत न ठेकवता बोटभर बाहेर वाजवायची. मग डीसाठी आत यायला जागा राहते. तो उतरलेला कोमल नि तर ३१ सेंट कमी असतो, तानपुऱ्यालाही मान्य होत नाही. तो सूर पहिलीवर वाजवायचाच नाही, तिसरीवर घ्यायचा.

शेजार आणि म्यूट

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची ही अडचण बुधवारशी जोडलेली आहे हेही वहीतच दिसलं. मंगळवार-बुधवार ऑफिसातून उशिरा येते, म्हणून त्या दोन दिवशी प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबायला बेलमध्ये बसवायचा डाट, लावत होते. म्यूट लावला की हवा परत मागे ढकलली जाते, फुंकायला जोर लागतो, आणि सूरही किंचित चढतो. म्हणजे आधीच सुजलेल्या ओठांना नेमक्या त्या दोन दिवशी जास्त काम. आता म्यूटवर फक्त जिभेचा आणि स्लाइडचा सराव करते, आवाजाची पारख आणि सूर जुळवणं कधीच नाही. त्यासाठी कपाटाचे दोन्ही दरवाजे उघडून आत बेल करते. साड्या आणि रजया आवाज बऱ्यापैकी पितात, आणि फुंकणं मोकळं राहतं. रात्री १० नंतर अर्थात काहीच नाही. आवाजाचा नियमही तोच आणि सोसायटीचाही.

वरच्या काकूंना एकदा जाऊन सरळ विचारलं, त्रास होतो का. त्या म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही गं. पण तू एकच वाक्य पन्नासदा म्हणतेस, आणि पन्नासाव्यांदाही अर्धंच." त्यांना वेळ विचारून घेतली: साडेसहा ते सव्वासात, त्यांच्या बातम्यांआधी. त्यांच्या तक्रारीत निदानही होतं. अडकलेली ओळ मी सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा वाजवत होते, म्हणजे जमणारा भाग पन्नासदा आणि न जमणारा एकदाही नाही. आता अडतं तिथले दोनच सूर घेते, चार वेळा, आणि सोडून देते.

सध्याचा आठवडा वहीत असा दिसतो. रविवारी क्लास संपल्याबरोबर, सरांच्याच खोलीत, फोनवर तीस सेकंद रेकॉर्ड करते: वरचा एफ आणि सा ते सा. सोमवारी पंधरा मिनिटं दोनदा. मंगळवारी वीस आणि वीस. बुधवारी फक्त खालचे सूर. गुरुवारी सुट्टी, बाजा धुवायचा दिवस. शुक्रवार-शनिवारी अर्धा-अर्धा तास, आणि सुरू करण्याआधी रविवारचं रेकॉर्डिंग एकदा ऐकायचं, कारण आठवणीतला आपला सूर खऱ्यापेक्षा नेहमी गोड असतो. गेल्या नऊ आठवड्यांत बुधवारी हळू आवाजातला एफ सात वेळा आला. न आलेल्या दोन्ही वेळी सोमवारचा आकडा मी मोडलेला होता, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा नुसत्याच हौसेने.

सहाव्या पोझिशनचं मात्र अजून जमलेलं नाही. माझा हात आखूड आहे, रे घ्यायला खांदा पुढे जातो आणि खांद्याबरोबर डोकं. सर म्हणतात मनगट सैल सोडून बोटांच्या टोकांनी ढकला, मी ढकलते, आणि रे तरी चढाच राहतो. एफ अटॅचमेंट (जोडलेली जादा नळी) असलेला बाजा घेतला तर हाच रे अंगठ्याचा खटका दाबून पहिल्या पोझिशनवर मिळतो, पण त्याची किंमत घरी अजून सांगितलेली नाही. आखूड हातांच्या कुणी यावर दुसरा इलाज काढला असेल तर मला हवाय.